वॉल्कॉटसाहेबाची एक कन्या

गेले सहा आठवडे माझ्या डायनिंग टेबलावर जेवायला जागा नाही. एका टोकाला आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची प्रुफं, दुसऱ्या टोकाला हेन्री वॉल्कॉट नावाचा एक मेलेला इंग्रज, आणि मधल्या वीतभर जागेत आम्ही तिघं ताटं सरकवत वरणभात खातो. प्रुफं माझ्या सासऱ्यांची, इंग्रज माझ्या मुलीचा. म्हणजे सुरुवातीला तिचा होता. आता तोही आबांनीच ताब्यात घेतलाय.

आबा म्हणजे चंद्रशेखर, वय अठ्ठ्याहत्तर, माझे सासरे, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आलेले. कुलवृत्तांताचे संपादक. मूळ पुरुषापासून आजपर्यंत घराण्यात कोण कुणाच्या पोटी जन्मला, काय शिकला, कुठं नोकरीला चिकटला याचं ते जाडजूड पुस्तक. त्याची दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यासाठी आबांनी तीनशे बारा घरांना माहितीचे फॉर्म धाडले. न्यू जर्सीला धाडले, पर्थला धाडले, नॉर्वेतल्या कुठल्याशा गावात एकट्या राहणाऱ्या पुतण्यालाही धाडला. फक्त बुकित तिमाहला धाडला नाही. तिथं त्यांची स्वतःची मुलगी राहते. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटपासून टॅक्सीनं पंचवीस मिनिटं.

अनुया, माझी नणंद. बारा वर्षांपूर्वी तिनं इथल्याच चिनी वेई मिंगशी लग्न केलं. आबा लग्नाला आले नाहीत, नंतर तिच्याशी बोलले नाहीत, आणि पहिल्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच्या नावाखाली लिहिलं: 'पुत्र प्रबोध. एक कन्या.' एवढंच. बाकी घराण्यातल्या झाडून सगळ्या मुलींची नावं त्या पुस्तकात आहेत, सासरची आडनावं आहेत, एका जावयाला तर पोहण्यात मिळालेलं पदकसुद्धा आहे.

"वहिनी, या वेळी तरी लिहिलं का गं?" अनुयाचा दर आठवड्याला फोन. "माझं सोड. क्षितिज विचारतो, आजोबांच्या पुस्तकात मी कितव्या पानावर आहे. नऊ वर्षांच्या पोराला काय सांगू?"

मी म्हणते, बघते. काय बघणार, कपाळ! तीन वेळा विषय काढला.

"फॉर्म आल्याशिवाय माहिती छापता येत नाही, मीनल. मंडळाचा नियम आहे."

"पण आबा, तुम्ही तिला फॉर्म पाठवलाच नाहीत."

"तिनं मागितला नाही."

तुआसच्या शिपयार्डात मी दीडशे माणसांचं वेळापत्रक सांभाळते. फिलिपिनो, बांगलादेशी, चिनी, सगळे माझं ऐकतात. या एका माणसापुढे मात्र माझी मात्रा चालत नाही. नवरा, प्रबोध, बँकेच्या कामासाठी जकार्तात. फोनवर म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते बघा, मला त्यात ओढू नका." वडील त्याचे, बहीण त्याची, आणि बघायचं मी. रविवारी प्रुफं छापखान्याकडे जाणार होती. त्यानंतर अनुया आणखी पंधरा-वीस वर्षं 'एक कन्या'च राहणार होती.

अशात माझ्या मुलीला, गार्गीला, शाळेनं प्रोजेक्ट दिलं. सिंगापुरात सुरुवातीला आलेला एखादा इंग्रज निवडा आणि त्याचं आयुष्य, त्याचं कुटुंब लिहा. 'कुटुंब' हा शब्द कानावर पडला मात्र, आबा खुर्ची ओढून बसले. वॉल्कॉट तरुणपणी जहाजावरचा कारकून म्हणून आला, नदीकाठी गोदाम टाकलं, मग जायफळाचा मळा केला. झाडांना रोग लागला आणि मळा बसला. आबांना जायफळ पुरणपोळीपुरतं ठाऊक, पण त्या मळ्यात किती झाडं होती हे ते मला भाजी चिरताना ऐकवत होते. बायको इंग्लंडहून आली आणि चार वर्षांत तापानं गेली. लायब्ररीतून त्याच्या घरच्या बायबलच्या एका पानाची प्रत मिळाली. त्यावर वॉल्कॉटनं मुलांचे जन्म नोंदवले होते. जॉर्ज, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. एडविन, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटं. खाली एक ओळ: 'एक मुलगी, सध्या मलाक्क्यात.'

"बघ, मिनिटासकट!" आबा खूश झाले. "याला म्हणतात नोंद. हा माणूस आपल्यातला आहे."

जॉर्ज तिसऱ्या वर्षी गेला, एडविन एकोणिसाव्या वर्षी समुद्रात बुडाला. आबांनी आपल्या पद्धतीचा वंशवृक्ष आखला आणि तळाशी लाल शाईनं लिहिलं: 'निर्वंश.'

"बट डॉटर आहे ना, आबा?" गार्गी म्हणाली.

"मुलीनं वंश चालत नाही बाळ. आणि तिचं नाव तरी कुठंय? नाव नाही, तर नोंद नाही."

गार्गीनं बायबलचं पान जोडून ते तसंच दिलं. आजोबांवर विश्वास! चार दिवसांनी बाईंच्या शेऱ्यासकट कागद परत आला. मुलगी कुठे आहे? तिच्याशिवाय हे कुटुंब पूर्ण होत नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आणा. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षं वंशावळी तपासणाऱ्या माणसाला एक शाळामास्तरीण चूक दाखवते म्हणजे काय! वॉल्कॉटच्या थडग्याचा दगड फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवरच्या भिंतीत बसवलेला आहे, हे त्यांनी शोधून काढलं. "दगडावर काय आहे ते बघू. शनिवारी जायचं."

शनिवारी, म्हणजे माझ्या एकुलत्या एका निवांत सकाळी, मी एका आजोबांना, एका नातीला, छत्री, भिंग, पाण्याच्या तीन बाटल्या आणि कोऱ्या फॉर्मांनी फुगलेली फाइल घेऊन MRTनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, निघाले. कोरे फॉर्म कशाला, असं विचारलं. "वाटेत घराण्यातलं कोणी भेटलं तर?" म्हणाले. सिंगापूरच्या MRTत!  बोलून काय उपयोग?

वर टेकडीवर ऊन नुसतं भाजून काढत होतं. विटांच्या लांबच लांब भिंतीत जुन्या थडग्यांचे दगड ओळीनं बसवलेले. आबा प्रत्येक दगडापाशी थांबणार, भिंग लावणार, मेलेल्याचं वय मोजणार आणि हळहळणार. दीड तासानं वॉल्कॉट सापडला. अक्षरं झिजली होती. गार्गीनं मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरला आणि सावकाश वाचलं. हेन्री वॉल्कॉट, या वसाहतीतले मळेवाले, वय एकसष्ट. आणि शेवटची ओळ: हा दगड त्यांच्या मुलीनं बसवला.

"पुढे?" आबा म्हणाले.

"दॅट्स ऑल."

"नाव? नाव असेल ना तिचं. नीट बघ."

गार्गीनं पाणी शिंपडून पुसलं. खाली नुसता दगड होता.

मग आबांचा जो पारा चढला! "काय माणूस आहे हा! दोन मुलगे गेले, त्यांची मिनिटं लिहून ठेवली. आणि जी उरली, जी मलाक्क्याहून जहाजात बसून इथं आली, बापासाठी दगड कोरून घेतला, तिचं नाव लिहायला याच्या हाताला काय झालं होतं? त्या बिचारीनंही लिहिलं नाही. बापानंच कधी लिहिलं नाही, तर ती कशाला लिहील? आता शोधायची कुठं तिला? हरवलीच ना ती! अक्षम्य आहे हे, अक्षम्य!"

दोन पर्यटक वळून बघायला लागले. गार्गी फोटो काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या बुकमध्ये पण सेमच आहे लाह, आबा. 'एक कन्या.' अनुआत्याचं नेम नाहीच."

तिच्या त्या सिंगापुरी 'लाह'मध्ये टोमणा नव्हता. दिसलं ते तिनं सांगितलं. मी सवयीनं तिला दटावायला तोंड उघडलं आणि मिटलं. सहा आठवडे मी नियमांवरून डोकं फोडत होते, आणि या पोरीनं एका वाक्यात मुद्द्यावर बोट ठेवलं. मला तिचा अभिमान वाटला आणि आबांची भीती वाटली.

आबा बाकावर जाऊन बसले. छत्री मिटली, भिंग खिशात ठेवलं, पाणी प्यायले.  बीपीची गोळी घेतली होती का, मी आठवत होते. मग त्यांनी फाइलमधून वॉल्कॉटचा वंशवृक्ष काढला, 'निर्वंश'वर काट मारली आणि कागद गार्गीकडे दिला.

"तिच्यासाठी चौकट आख. नाव रिकामं ठेव. आणि वर माझं नाव लिहू नकोस, मदत केली म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

बारा वर्षं! मुलीचा नंबर नव्हता या माणसाकडे. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू केला. आबांनी एक कोरा फॉर्म मांडीवरच्या फाइलवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोल वहिनी," अनुया म्हणाली.

"हॅलो. चंद्रशेखर बोलतोय. कुलवृत्तांत मंडळाकडून."

मी कपाळावर हात मारून घेतला. 

"एक फॉर्म राहिला होता," आबा म्हणाले. "उद्या प्रुफं जायची आहेत. माहिती हवी होती."

"विचारा." अनुयाचा आवाज कोरडा होता.

"संपूर्ण नाव?"

 मला वाटलं, आता ही फोन ठेवते.

"ते तुम्हीच ठेवलंत, बाबा," ती म्हणाली. "लिहा."

आबांनी लिहिलं. गार्गीनं फॉर्म घट्ट धरून ठेवला. मग त्यांनी जावयाचं नाव विचारलं, एक-एक अक्षर दोनदा वदवून घेतलं. मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले, आणि रागही आलाच. एवढ्याशा कामाला बारा वर्षं लागतात?

"अपत्यं?"

"एक. क्षितिज." जन्मतारीख तिनं न विचारताच सांगितली.

"वेळ?" आबा म्हणाले. "मिनिटासकट सांग."