एक डोळा सुईला, एक रस्त्याला

रफूवाल्या बाईंचं नाक कायम दुसऱ्यांच्या कपड्यांत असायचं. गैरसमज नको, नसत्या चौकश्या करायची त्यांना सवय नव्हती. नजरच तशी होती. लहानपणापासून डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, आणि तो काढला की समोर माणूस उभा आहे की खांब, ते कळायचं नाही. पण नाकाच्या शेंड्यापासून चार बोटांवर? तिथे बाईंच्या तोडीचं कुणी नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलायचा, कापड नाकाशी धरायचं आणि कोटाचं भोक असं विणून काढायचं की गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, भोक होतं कुठे?"

"तुम्हीच शोधा," बाई म्हणायच्या. "मला आता सापडत नाही."

कामाची जागा म्हणजे घरातली खिडकी. खाली रस्ता, पलीकडे बसथांबा. नवरा त्याच मार्गावर बस चालवायचा. सगळे त्यांना काका म्हणत, आपणही तेच म्हणू. लग्न झालं तेव्हा काकांनी सांगितलं होतं, "मी जाताना खिडकीकडे बघून हात करीन. तूही करत जा." आता आली का पंचाईत! बाईंचा चष्मा कपाळावर, आणि बस म्हणजे त्यांना नुसता सरकणारा ठोकळा. आत आपला कोण नि परका कोण? मग त्यांनी सोपा मार्ग काढला. येईल त्या बसला हात करायचा, त्यात आपलाही येऊन जाईल. डेपोत यावरून थट्टेला ऊत आला. "काका, काकू आम्हालाही हात करतात बरं का!" काका म्हणायचे, "घ्या करून. तुमच्या घरी कोण करतंय?"

काका रिटायर झाले आणि घरात बसून बाईंच्या कामात लुडबुड करू लागले. बाईंचा हात मात्र बस आली की अजूनही आपोआप वर जायचा. त्या बसमधून कुणी परत हात करतं की नाही, हे त्यांना कधीच दिसलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कधी विचारही केला नव्हता.

मग मोतीबिंदू आला. एका नाही, दोन्ही डोळ्यांत. चार बोटांवरची ती राजेशाही नजरही धुरकट झाली. नेढ्यात दोरा जाईना. बाई सुईवर चिडायच्या, दोऱ्यावर चिडायच्या, आणि ते दोघं गप्प बसतात म्हणून काकांवर चिडायच्या.

काकांचं ऑपरेशन आधीच झालं होतं. त्यांनी दूरचं दिसणारं भिंग बसवून घेतलं होतं आणि तेव्हापासून माणूस सुटलाच होता. "पलीकडच्या गच्चीवर कावळा बसलाय, चोचीत काहीतरी आहे." वाचायला मात्र चष्मा लागायचा आणि तो घरभर शोधावा लागायचा, त्याबद्दल मूग गिळून गप्प.

"तूही दूरचंच घे," काका रोज म्हणायचे. "माझं ऐक. एकदा दिसू दे तुला."

"काय दिसू दे?"

"काही नाही. रस्ता."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. दोन्ही डोळे तपासून, मोजमाप घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"काही नाही, घरीच असते," काका म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की मोतीबिंदूतूनही ती लागली. "घरीच असते म्हणजे? रफू करते मी. डॉक्टर, यांच्या शर्टाची कॉलर बघा. काय दिसतंय?"

डॉक्टरीणबाई वाकल्या. "काहीच नाही."

"तेच माझं काम."

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या आणि मग मात्र खुर्ची जवळ ओढून नीट समजावायला बसल्या. डोळ्यातलं गढूळ भिंग काढून नवं घालायचं. साध्या भिंगातून एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. बहुतेक लोक दूरचं घेतात आणि जवळच्याला चष्मा लावतात. "पण तुमचं सगळं आयुष्य चष्मा काढून जवळ बघण्यात गेलंय. दूरचं घातलं तर ते जाईल. जवळचं घातलं तर बाहेर पडताना चष्मा राहील, पण आतासारखा जाड नाही. जवळचं म्हणजेही चार बोटं नाही हं, दीड वीत."

बाईंच्या लेकीने फोनवरून तिसरंच काढलं होतं. सगळ्या अंतरांवर दिसणारं भिंग असतं म्हणे, तेच घाल. बाईंनी तेही विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं असतं, पुष्कळजण खूश आहेत. पण त्यात दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि बारीक फरक थोडा पुसट होतो. काळ्या कापडावर काळा दोरा शोधणाऱ्या माणसाला मी ते सुचवणार नाही."

"मग मी करू काय?"

"घरी जा आणि चष्मा न काढता रफू करा. दूरचं भिंग घातल्यावर जवळचं साधारण तसंच दिसेल. जमतंय का बघा, मग या."

झालं. चष्मा कपाळावर ढकलायला हात सारखा वर जायचा आणि बाई स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. कापड नाकाशी धरलं तर धुकं, लांब धरलं तरी धुकं. काकांचा वाचायचा चष्मा वरून लावून पाहिला, तर नाकावर दोन चष्मे बघून काकाच हसत सुटले. एका शालीची कड त्यांनी अंदाजाने विणली, संध्याकाळी चष्मा काढून बघितली आणि पाणी प्यायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सुई गेली तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला होता. माणसाला डोळे मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा, आणि इथे बाई भेदरून गेल्या होत्या.

"जवळचं," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. काका परत येताना बसमध्ये तोंड फिरवून बसले. हे बाईंना लागलं, पण त्यांनी माघार घेतली नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चहा निवायच्या आत उरकलं असं काका पुढे सगळ्यांना सांगायचे. पट्टी निघाली तशी बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे पर्समधला शालीचा तुकडा काढून नाकाशी धरला. सगळं पुसट!

"डॉक्टर, गेलं! माझं गेलं!"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे त्यांचं मनगट धरलं आणि हात लांब नेला. आणखी थोडा. आणखी. दीड वितीवर एकेक धागा वेगळा होऊन समोर आला, उभा वेगळा, आडवा वेगळा, मध्ये लोकरीची लव. बाई बघतच राहिल्या. कापड नाकापासून इतकं दूर आणि तरीही स्पष्ट! म्हणजे मान ताठ ठेवून काम करता येणार होतं. इतक्या वर्षांची ती वाकलेली मान! बाईंनी डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बाहेर खोळंबलेली माणसं चुळबुळ करत होती, करू देत.

घरी आल्यावर थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. हे सगळं पाळून होईपर्यंत बाईंचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी परवानगी मिळाली तशी त्या खिडकीत बसल्या आणि दोऱ्यांची पेटी उघडली. पेटीला कप्पे होते, काळ्याचा एक, गडद निळ्याचा एक, असे.

गंमत म्हणून बाईंनी उजवा डोळा झाकला. जुन्या, डाव्या डोळ्याला दोन्ही कप्प्यांतली रिळं एकाच रंगाची दिसली. सगळी काळपट. मग डावा झाकला. उजव्याला काळं काळं दिसलं आणि निळं निळं. परत डावा, परत उजवा. बाई मटकन मागे टेकल्या.

म्हणजे गेली दोन वर्षं आपल्याला काळ्या-निळ्यातला फरकच दिसत नव्हता. आणि आपण किती निळे कोट विणले! त्यांनी धावतपळत काकांचा निळा कोट काढला, त्याची बाही गेल्याच थंडीत त्यांनी विणली होती. दीड वितीवर धरली. दोरा निळाच होता. गिऱ्हाइकांनी न्यायची दोन कामं बघितली. बरोबर. कसं काय? काम झाल्यावर रिळं तर आपण हाताला येईल त्या कप्प्यात टाकत होतो.

"अहो," बाईंनी हाक मारली. "या पेटीला कोण हात लावतं?"

काका दारात आले आणि लगेच परत वळले. अपराधी माणसाची पाठ बाईंना धूसर दिसली तरी ओळखू आली.

"थांबा तिथेच!"

"अगं, माझे डोळे झाले ना, तेव्हा दारातूनच दिसलं," काका पुटपुटले. "एका गिऱ्हाइकाच्या निळ्या कोटाला काळा दोरा. मला जवळचं वाचता येत नाही, पण रंगाला काय चष्मा लागतो? मग तू आंघोळीला गेलीस की रिळं ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचो."

"आणि तो कोट?"

"तो तुला परत आणून दिला होता मी. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणतंय, वीण सैल आहे, पुन्हा करा."

"म्हणजे त्या बिचाऱ्या माणसाने तसं काही म्हटलंच नव्हतं? मी त्याला दोन वर्षं शिव्या घालतेय!"

"ते खरं. उचक्या लागून लागून त्याचा जीव गेला असेल."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू सुई खाली ठेवली असतीस," काका म्हणाले. "मग घरात दोघं रिकामटेकडे. कसं व्हायचं?"

डोळ्याला बाहेरचं पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आतल्या पाण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या, म्हणून बाईंनी ते येऊ दिलं. रोज ज्याच्यावर डाफरायचं त्यानेच आपली लाज राखली, आणि तीही दोन वर्षं, तोंडाला कुलूप लावून! बाईंना नवऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी त्याला उगाचच पुन्हा एकदा झापलं.

डाव्या डोळ्याची वेळ आली तेव्हा काकांनीच कोलांटउडी मारली. "दोन्ही जवळचे घे. तुझं काम आहे ते. रस्त्याचं काय, मी सांगत जाईन की."

आत गेल्यावर बाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हा दूरचा करता येईल का?"

काका आ वासून बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. एक जवळ, एक दूर, हे सगळ्यांना मानवत नाही, म्हणाल्या. अंतराचा अंदाज चुकतो, डोक्याला सवय व्हावी लागते. आधी डोळ्यावर तसं काढता-घालता येणारं भिंग लावून थोडे दिवस बघितलं. बाईंना जरा गरगरलं, पण जमलं. "अगदी लांबचं नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रस्त्यापलीकडचं ओळखू येईल इतपत करू. आणि फार बारीक कामाला चष्मा लागला तर लावायचा, रुसायचं नाही."

"एक सुईला दिला," बाई म्हणाल्या, "एक यांना देते. सारखं रस्ता रस्ता करत होते."

"आंधळा मागतो एक डोळा!" काका म्हणाले. नाक शिंकरायला रुमाल मिळेना म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना कापूस दिला.

सुरुवातीला बाईंनी कपाच्या बाजूला चहा ओतला, पायरी नसताना पाय उचलला, लेक आली तेव्हा तिच्याऐवजी दाराला मिठी मारायच्या बेतात होत्या. काका प्रत्येक वेळी हसायचे आणि प्रत्येक वेळी फडकं घेऊन पुसायचेही. हळूहळू डोक्याने दोन डोळ्यांत समेट घडवून आणला.

आणि मग एका सकाळी बाई खिडकीत शाल विणत बसल्या होत्या, चष्मा नाही, मान ताठ. बस आली. हात सवयीने वर गेला. आणि बाई दचकल्या, कारण बसच्या काचेमागे चेहरा दिसत होता. केस मागे घट्ट बांधलेली एक तरुण पोरगी. अनोळखी. बाई ओशाळल्या, हात खाली घ्यायला लागल्या. तेवढ्यात त्या पोरीने हात वर केला. फार काही नाही, चाकावरचा एक हात उचलला, खिडकीकडे मान हलवली आणि बस पुढे काढली.

दुसरी बस आली. जाडजूड मिश्यांचा माणूस. त्यानेही हात केला. तिसरीतला चक्क हसला.

"अहो, इकडे या!" बाई ओरडल्या. "ही माणसं मला हात करतायत!"

काकांनी पेपर खाली केला. "मग? रोजच करतात."

"रोज?"

"पहिल्यापासून. मी डेपोत सांगून ठेवलं होतं. म्हटलं, तिला दिसत नाही, पण तुम्ही करत जा. रिकामा हात बरा दिसत नाही."

"पण आताची ती पोरगी! तुम्ही रिटायर झालात तेव्हा ती शाळेत असेल. तिला कोणी सांगितलं?"

"मी नाही," काका म्हणाले. "पण नव्या माणसाला जुना माणूस मार्ग दाखवायला नेतो ना, तेव्हा सगळंच दाखवतो. इथे वळण आहे. इथे गतिरोधक आहे. इथे खिडकीत एक बाई असतात, त्यांना हात करायचा."

इतक्या वर्षांत किती हात वर झाले असतील, आणि आपण एकही बघितला नाही.

"म्हणून म्हणत होतो," काका हलकेच म्हणाले, "एकदा दिसू दे तुला."

कोपऱ्यावर पुढची बस वळली. बाईंनी सुई शालीत खोचून ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या.