चर्चच्या दारावरचं नवं

दारावरचं नवं मीच कापलं, हे आधी सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण. ह्या सणाला प्रत्येकजण आपल्या कमाईतलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. शेत असलेला भात आणतो, नसलेला बाजारातून भोपळा आणतो आणि आपणच पिकवल्यासारखा मिरवत ठेवतो. झाडलोट करायला मी दहाच्या सुमाराला किल्ली घेऊन गेले, तर दाराच्या चौकटीवर मधोमध एक जुडी लटकत होती. भाताच्या लोंब्या, नाचणीची दोन कणसं, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूची फुलं, सगळं पेंढ्याच्या दोरीनं घट्ट बांधलेलं.

बत्तीस वर्षं महाडात काढली म्हटल्यावर मला ते ओळखायला वेळ लागला नाही. इकडच्या गावांत आश्विनात भात तयार झालं की असं नवं बांधतात. घराच्या दाराला, गोठ्याला, नांगराला, विहिरीच्या रहाटाला. पण ती गावची चाल, गावच्या देवाची. चर्चच्या दाराला तिचं काय काम? आणि ते कुणी बांधलं असेल हेही मला लगेच कळलं, म्हणून तर डोकं फिरलं. आमच्या पस्तीस माणसांत स्वतःचं शेत असलेली एकच बाई, जनी.

जनी उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहते. गेल्या दीड वर्षापासून दर रविवारी दोन गाड्या बदलून ती खाली येत होती, आणि प्रार्थना संपली की तासभर थांबून माझ्यापुढं पुस्तक घेऊन बसत होती. आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार, सगळं मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, पण इतकी मन लावून शिकणारी पोर मला मिळाली नव्हती, आणि ही तर बेचाळीस वर्षांची. उद्या सणाच्या दिवशी तिला मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, घ्यायचं होतं. त्यानंतर ती पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसणार होती. कमिटीतले दोघंतिघं कुरकुरत होते, तेव्हा मीच छातीठोक सांगितलं होतं, "जनीची जबाबदारी माझी."

आणि ही जबाबदारी आता चौकटीला लटकत होती. मी कपाटातली कात्री आणली, स्टुलावर चढले, दोरी कापली आणि जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असलेली उद्याची यादी काढली आणि जनीच्या नावावर रेघ मारली.

आमचे पाळक, म्हणजे पास्टर, सुनील अकराला आले. हे एकेकाळी माझ्या वर्गात पाचवीत होते, त्यामुळे त्यांच्याशी जितक्या अदबीनं बोलायला हवं तितक्या अदबीनं माझ्याकडून बोललं जात नाही. यादी मी त्यांच्या हातात दिली आणि जे झालं ते सांगितलं.

"तू आणखी लाड कर," मी म्हटलं. "आज नवं बांधलं, उद्या कोंबडं कापतील. मग दाराबाहेर देवळाची पाटी लाव."

सुनील यादीकडे बघत राहिला. आमचं चर्च म्हणजे त्याच्या डोक्याला कायमचा ताप. दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरला शांतता हवी, वचन उभं राहून ऐकायचं. एमआयडीसीतल्या विनोदला गिटार हवी, टाळ्या हव्यात. आम्ही नगरकडची माणसं, आम्हाला पेटीवरची जुनी गीतं हवीत आणि चपला बाहेर हव्यात. बूट घालून आत यायचं की नाही ह्यावर गेल्या वर्षी दोन कुटुंबं तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हती. सुनील सगळ्यांना हो म्हणतो म्हणून मी त्याला कायम बोलत असते.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या गळ्यातली काळी पोत कुठल्या वचनात आहे?"

मी पदर सारखा केला. माझ्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी क्रूस आहे. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं तसं असतं. "तिचा इथं काय संबंध?"

"काही नाही. असंच विचारलं." त्यानं यादी घडी करून खिशात घातली. "रेघ मारायच्या आधी तिला विचारू तरी. वाडीवर फोन लागत नाही. गाडीवर बसता का?"

एकसष्टाव्या वर्षी मोटारसायकलवर एका बाजूला बसून पोलादपूरचा घाटरस्ता पार करणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. पण मीही हट्टानं बसले. जनीला तोंडावर विचारायचं होतं. खरं सांगायचं तर मला राग कमी आणि अपमान जास्त वाटत होता. मी शिकवलेलं असं चौकटीवर उलटं टांगलेलं मला बघवत नव्हतं.

सणाची तयारी उरकून निघालो, साडेतीनला पोचलो. जनीचं मूळ घर तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत गेलं. ज्या दिवशी खाली महाडात सावित्रीचं पाणी आमच्या चर्चच्या खिडकीपर्यंत चढलं, त्याच दिवशी वर डोंगर खाली आला. माणसं आदल्या रात्री शाळेत गेली होती म्हणून वाचली. घर, गोठा, दोन म्हशी आणि वरची सगळी भातखाचरं गेली. तेव्हापासून ती माणसं पायथ्याच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पक्की घरं मिळणार आहेत, असं तीन वर्षं ऐकतात.

जनीची सासू, बनुबाई, दाराशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थरथरतात, दर चार दाण्यांतला एक खाली पडत होता. जनीचा नवरा मुंबईला हॉटेलात कामाला, त्यामुळे घरात ह्या दोघीच. सासू काही आमच्यातली नाही. आतल्या फळीवर तिचे देव आहेत, हे मला माहीत होतं आणि मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

मला बघून जनी धावत आली. "बाई, तुमी? एवढ्या लांब? बसा गो बसा." तिनं घाईघाईनं चटई टाकली. पाणी आणलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझे ठरवलेले शब्द मागं सरले, पण मी ते ओढून पुढं आणले.

"जनी, चर्चच्या दाराला नवं तू बांधलंस?"

"व्हय. काल बाजाराला आलते तवा. तुमी नव्हता, दार बंद व्हतं. बघितलंत?"

"कुणाला वाहिलंस ते?"

ती गोंधळली. "वाहायचं नाय बाई. वाहायचं भात उद्या टोपलीत आणणार. नवं कुणाला वाहत नाय. दाराला बांधायचं, का घरात पीक आलं, आता वरीस निभंल."

मी मान वर केली, आणि तेव्हा मला दिसलं. माळावर पत्र्याच्या वीसबावीस खोल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही दाराला नवं नव्हतं. जनीच्याही नाही.

"मग इथं का नाही बांधलं?" माझा आवाज उगाच चढला. "स्वतःचं दार सोडून तिकडं कशाला?"

उत्तर बनुबाईनं दिलं. शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. "ह्ये दार आमचं नाय. सरकारचं हाय. आज हाय, उद्या उठा म्हणतील. नवं आपल्या दाराला बांधत्यात, परक्याच्या नाय."

"तीन वरसं बांधलंच नाय," जनी म्हणाली. "पीकच नव्हतं. खालचं एक खाचर गाळानं भरलं व्हतं, ते मी औंदा उपसून काढलं. पयलंच भात. आत्याबाई म्हणाल्या, नवं तर बांधाया पायजे. पण बांधायचं कुठं? मंग मी म्हटलं, माझं एक दार हाय."

सुनील बाहेर डोंगराकडे बघत उभा होता. मला ते पुराचे दिवस आठवले. पूर ओसरल्यावर चर्चमध्ये गुडघाभर चिखल होता. आम्ही सगळे आपापली घरं धूत होतो, चर्चकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी मी गेले तर एक अनोळखी बाई घमेलं आणि फावडं घेऊन आतला चिखल काढत होती. ती ही जनी, घर गेलेलं, काही दिवस महाडात नातेवाइकांकडे राहायला आलेली. कुणी बोलावलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, उपसाया माझं घरच राहिलं नाय, हात गप बसत नायत. ते दार तिनं नारळाच्या काथ्यानं तीनदा घासलं होतं. नंतर लोक म्हणत राहिले की ही रेशनच्या पिशवीसाठी येते. मीही एकदोनदा म्हटलं होतं.

"चुकलं असंल तर काढा बाई," जनी म्हणाली. "मला ठावं नव्हतं. पुस्तकात नवं नाय आलं कुठं."

"काढलं," मी म्हटलं. "सकाळीच कापलं मी."

बनुबाईचे हात थांबले. "कापलं," ती म्हणाली. मग, "कचऱ्यात नाय ना टाकलंत? भात हाय ते."

खोटं बोलणं सोपं होतं. डब्याचं मी सुनीललाही सांगितलं नव्हतं. पण ज्या बाईकडून मी नववी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको, पाठ करून घेतली ती समोर बसली होती. "टाकलं," मी म्हटलं. "डब्यात."

जनीनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. रडत होती की नाही, मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि मी ते पाण्याच्या तांब्याआड लपवायचा प्रयत्न केला. बनुबाई म्हणाली, "चा ठेव गो जने, बाई लांबून आल्यात." त्या घरात मला रागानं कुणी बोललं असतं तर मी निभावलं असतं. चहा प्यावा लागला, ते जड गेलं.

निघताना ऊन उतरलं होतं. बनुबाईच्या देवांपुढं दिवा लावायची वेळ झाली होती. तिच्या हातात काडी टिकत नाही, म्हणून जनीनं लावून दिला. वारं होतं, दोनदा विझला. मी बघत उभी होते. हात आडवा धरायला मी पुढं झाले नाही, इतकी काही मी एका दुपारी बदलले नाही. पण सेक्रेटरीच्या वहीत लिहून घ्यावं असंही मला वाटलं नाही.

घाटातून येताना सुनील म्हणाला, "बाई, मघाशी पोतीचं बोललो ते मनाला लावून घेऊ नका."

"गप गाडी चालव," मी म्हटलं. माझ्या आजीची पोत पहिल्या मंडळीतल्या ज्येष्ठांनी तोडायला लावली होती. काळे मणी म्हणजे जुनं पाप, असं त्यांचं म्हणणं. आजीनं मणी डब्यात जपून ठेवले आणि दोन वर्षांनी सोनाराकडून क्रूस करून घेऊन पुन्हा ओवले. ती पोत घालून ती तीस वर्षं पुढच्या बाकावर गात होती आणि आता आम्हाला वाटतं, ही तर आपली जुनी पद्धत. आईनं हे मला कितीदा सांगितलं होतं. सकाळी कात्री शोधताना ते आठवायला हवं होतं.

सातला चर्च उघडून मी कचऱ्याचा डबा घरी आणला. यजमान म्हणाले, आता हेच राहिलं होतं. वर्तमानपत्रावर सगळं ओतून मी लोंब्या निवडल्या. तीन मोडल्या होत्या, झेंडू चुरगळला होता. सांडलेले दाणे वेचून वाटीत ठेवले. सकाळी सणाच्या आधी स्टुलावर चढून नवं पुन्हा चौकटीला बांधलं. कापलेली दोरी पुरेना, म्हणून वर सुतळी जोडली. गाठ काही चांगली बसली नाही. मग सुनीलकडून यादी मागून घेऊन तीत जनीचं नाव पुन्हा लिहिलं, आधीच्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

विनोद गिटार घेऊन आला आणि दारातच थांबला. "मीनाबाई, हे कुणी बांधलं?"

"मी."

"तुम्ही?"

"काल कापलंही मीच. तुला जे बोलायचं ते प्रभुभोजनानंतर बोल."

तो नंतर बोलला, तासभर बोलला, आणि त्याचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. कुठं थांबायचं, हा प्रश्न खराच आहे. पुढच्या कमिटीत विषय ठेवलाय. भांडण होईल. पण आमच्यात भांडून कुणी दार सोडून गेलेलं नाही, एवढं बुटांच्या भांडणापासून मला माहीत आहे.

जनी आली ती एकटी नव्हती. डोक्यावर भाताची टोपली, आणि मागं काठी टेकत बनुबाई. दोन गाड्या बदलून म्हातारी आली होती. केरळच्या सिस्टरनं सरकून तिला जागा दिली. सुनीलनं नाव पुकारलं, जनी पुढं गेली, तिनं अंगीकार म्हटला, एक शब्दही चुकला नाही. तिला मंडळीत घेतलं. भाकर आणि प्याला फिरला तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. ताट बनुबाईजवळ आलं तेव्हा तिनं हात जोडले आणि ते पुढं जाऊ दिलं.

सगळं आटोपल्यावर बनुबाई चौकटीखाली मान वर करून उभी होती. "सुतळी?" ती म्हणाली.

जनी हसली. मग स्टुलावर चढून तिनं माझी गाठ सोडली, टोपलीतला ताजा पेंढा पिळून दोरी केली आणि नवं नीट बांधलं. "बाई, दोनदा फिरवायचं, मंग आवळायचं. नायतर पडतं."

"आणि काढायचं कधी?" मी विचारलं.

"पुढल्या साली," जनी म्हणाली. "नवीन आणलं का जुनं उतरवायचं. ज्याचं दार त्यानंच उतरवायचं."

मी दाराची दुसरी किल्ली काढून तिच्या हातात दिली.