पन्नास गोळ्या कुठे गेल्या

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात चेकिंगच्या बाईंना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. एरवी त्या नुसत्या बाई. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. तयार शर्ट उलटा करायचा, उजेडात धरायचा आणि चूक शोधायची. चूक आहे का, असा प्रश्नच नसायचा. ती आहेच, हे धरूनच बाई शर्ट हातात घ्यायच्या. सुटलेला टाका, तिरपं काज, कॉलरीतली सुरकुती, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून निसटत नसे. आता दिवसभर संशय घेण्याचाच पगार मिळत असेल, तर माणूस संध्याकाळी तो संशय खुंटीला टांगून थोडाच घरी जातो? भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं हसू, नवऱ्याचा खोकला, बाई सगळं उलटं करून बघायच्या.

त्यांच्या टेबलाच्या खणात औषधांची पेटी होती. दर महिन्याला तिच्यात डोकेदुखीच्या शंभर गोळ्या यायच्या. ज्या बाईचं डोकं दुखे तिने बाईंसमोर उभं राहायचं, कुठे दुखतंय ते सांगायचं, वहीत सही करायची आणि एक गोळी घ्यायची. डोकेदुखीवर बाईंचा मुळात विश्वासच नव्हता. बोट कापलं तर रक्त दिसतं, ताप आला तर अंग भाजतं. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याचं नेमकं काय बघायचं? कामचुकार माणसाला याहून सोयीचं दुखणं सापडायचं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. आणि सांगताना स्वतःची कानशिलं दाबत असत, कारण त्यांचं डोकं रोजच दुखायचं. पण ते खरं होतं ना.

वीस तारखेला बाईंनी गोळ्या मोजल्या. वहीत सह्या एकतीस. खणात गोळ्या एकोणीस. बाईंनी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा पन्नास कमी भरल्या. मनात पाल चुकचुकायला एवढं पुष्कळ होतं.

खणाच्या चाव्या दोन. एक बाईंच्या कमरेला, दुसरी त्यांच्या हाताखालच्या मुलीकडे, बाई जेवायला गेल्या तर अडायला नको म्हणून. या मुलीला सगळ्या गॉगलवाली म्हणायच्या. कारखान्याच्या आत, ट्यूबलाइटखाली, ही कधीकधी काळा चष्मा लावून बसायची. बाईंना ती पहिल्या दिवसापासून खटकली होती. घरात काळा चष्मा कोण लावतं? ज्याला डोळे लपवायचे असतात तो. महिन्यातून दोनदा तरी हिचं डोकं उठायचं, तेही म्हणे अर्धंच. मग ती कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून पडायची. अर्धं डोकं दुखतं म्हणजे काय, उरलेलं अर्धं रजेवर असतं का, असं बाई तिला सगळ्यांदेखत विचारत आणि सगळ्या हसत. मुलगी हाताला चांगली होती, कामात बोट ठेवायला जागा नव्हती. पण त्यानेच तर बाईंचा संशय वाढायचा.

आणि याच महिन्यात तिला नोकरीत कायम करायचं होतं. शनिवारपर्यंत बाईंचा शिफारशीचा कागद मॅनेजरकडे गेला की झालं. घरात कमावणारी ती एकटी, नवरा पाय मोडून बसलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

बुधवारी अकराच्या सुमाराला बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. "मशिनी बंद करा," त्या म्हणाल्या. चाळीस मशिनी थांबल्या.

"खणाची चावी कुणाकडे असते?" त्यांनी गॉगलवालीला विचारलं.

"तुमच्याकडे. आणि माझ्याकडे."

"पन्नास गोळ्या गेल्यात. मी तर घेतल्या नाहीत. मग कोण उरलं?"

"मी कशाला घेऊ, बाई? मला त्या गोळीचा गुणच येत नाही."

"पिशवी दाखव."

मुलीने पिशवी चेकिंगच्या टेबलावर उपडी केली. डबा, ओला रुमाल, कंगवा, काळा चष्मा आणि गोळ्यांची एक पट्टी. बाईंनी पट्टी उचलून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. तिच्यावरचं नाव वेगळं होतं, रंगही वेगळा होता, पण रंगेहाथ पकडल्याच्या आनंदात नाव कोण वाचतं? मग ती खणात टाकून कुलूप लावलं. मुलीने उरलेलं सामान पिशवीत भरलं, चावी टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन खाली मान घालून बसली. दुपारी ती चष्मा लावून भिंतीच्या आधाराने घरी गेली. नाटक, बाई म्हणाल्या.

कारखान्यात दर गुरुवारी दोन तास एक म्हातारे डॉक्टर येत. बाई त्यांच्याकडे गेल्या त्या स्वतःसाठी नव्हेच. कागदावर लिहायला त्यांना काहीतरी भक्कम हवं होतं.

"डॉक्टर, खोटी डोकेदुखी ओळखायची कशी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुणाची?"

बाईंनी सगळं सांगितलं. अर्धं डोकं, काळा चष्मा, अंधाऱ्या खोलीत पडणं, कधीमधी उलटी. पट्टीवरचं नावही त्यांनी कागदावर उतरवून आणलं होतं.

"ही अर्धशिशी आहे," डॉक्टर म्हणाले. "अगदी खरी. एका बाजूला ठणके पडतात, उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, पोटात ढवळतं. ही गोळी तिचीच आहे. चाहूल लागल्याबरोबर घ्यायची, अंधारात पडायचं, कपाळावर गार पट्टी ठेवायची आणि झोपायचं. तुमच्या पेटीतल्या गोळ्यांनी तिचं काही भागणार नाही. त्या ती कशाला चोरेल?"

बाईंना हे आवडलं नाही. डॉक्टरही त्या मुलीला सामील आहेत की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. "आणि बाकीच्या? रोज कुणी ना कुणी हात पसरतेच."

"दिवसभर मान वाकवून शिवतात त्या. मानेचे स्नायू आखडतात आणि डोक्याभोवती फडकं करकचून बांधल्यासारखं होतं. त्यांना तासातासाने दोन मिनिटं उभं राहू द्या. मानेला शेक, वेळेवर जेवण, पाणी. पाणी प्यायला उठलं की तुम्ही ओरडता म्हणे."

"कोण म्हणतं?"

"काहींचे डोळे तपासायला हवेत. काज करणारी ती पुढची बाई सुई ओवताना केवढे डोळे बारीक करते, बघितलंत ना? आणि कुणाचं डोकं एकाएकी, जन्मात दुखलं नाही असं दुखायला लागलं, बोलताना जीभ जड झाली, ताप येऊन मान ताठ झाली, तर वही काढू नका. थेट इस्पितळात न्या." डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मघापासून कानशिलं का दाबताय?"

"माझं दुखतंच. जबाबदारी असते."

"रोज?"

"सकाळी उठल्यापासून."

"गोळी किती घेता?"

"एखादी."

"महिन्यातून?"

असा प्रश्न बाई दुसऱ्यांना विचारत. त्यांना तो कुणी विचारला नव्हता.

"एक डोकेदुखी गोळ्यांचीच असते," डॉक्टर सावकाश म्हणाले. "महिन्यातले निम्मे दिवस गोळी घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. ती उतरली की दुखतं, म्हणून पुन्हा घ्यायची. माणसाला वाटतं, आपण एखादीच घेतो. तुम्ही वहीत सही करता का?"

"वही कामगारांसाठी आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. दारातून बाहेर पडताना त्यांना डॉक्टरांचा मनस्वी राग आला होता.

घरी येऊन त्यांनी चहा ठेवला आणि चष्म्याची डबी उघडली. डबीत गोळ्यांची रिकामी पट्टी होती. त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी एप्रनचा खिसा उलटा केला, शर्ट उलटा करतात तसा. दुसरी पट्टी. डब्याच्या पिशवीत तिसरी, तिच्यात दोन गोळ्या शिल्लक. वाटेत लागली तर असावी म्हणून उचललेली, आणि सकाळी घाईत असावी म्हणून, आणि जेवण झाल्यावर. पेटी त्यांच्याच ताब्यात, मग त्यात घ्यायचं काय नि मोजायचं काय? पदराने घाम पुसावा इतक्या सहज त्या गोळी तोंडात टाकत होत्या. आणि काल चाळीस बायांसमोर म्हणाल्या होत्या, मी तर घेतल्या नाहीत. म्हणताना त्यांना ते खरंच वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट.

नवरा दारात उभा राहून बघत होता. तो आत गेला आणि आणखी दोन पट्ट्या घेऊन आला. "उशीखाली होत्या," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज अंथरूण कोण काढतं?"

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, माझ्या उशीखाली काय शोधत होतात."

बाई अगदी तसंच म्हणाल्या असत्या. पाच पट्ट्या त्यांनी ओट्यावर ओळीने मांडल्या. शिल्लक दोन गोळ्या त्यांनी मोरीत टाकल्या. त्या रात्री त्यांना लाज वाटली, अगदी अंगाला चटका बसावा तशी, आणि सकाळी डोकं असं धरलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं.

शुक्रवारीही गॉगलवाली कामावर आली नाही. बाईंनी अर्धा दिवस सुट्टी घेतली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुपारी बाहेर पडल्या आणि पत्ता विचारत तिच्या घरी गेल्या.

दार तिच्या सासूने उघडलं. "हळू बोला," ती कुजबुजली. "परवापासून पडून आहे. यावेळी गोळी घ्यायला उशीर झाला. बुधवारी तिथे कुणीतरी तिची पट्टी हिसकावून घेतली म्हणे."

पट्टी आज दुपारपर्यंत खणात, बाईंच्या कुलपात होती; निघताना त्यांनी ती बरोबर घेतली होती. म्हणजे चाहूल लागली तेव्हा औषध हिच्या हाताशी नव्हतं, हे आत्ता बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ती पट्टी पर्समधून काढून सासूच्या हातात दिली आणि आपण कोण ते सांगितलं नाही.

खिडकीला जाड चादर लावलेली होती. अंधारात खाटेवर मुलगी कुशीवर पडली होती, कपाळावर ओली घडी, उशाशी पातेलं. बाई स्टुलावर बसल्या. स्टूल करकरलं तशी ती कळवळली. बाई श्वास धरून बसल्या. चूक शोधायची म्हटलं तरी इथे कुठे काही शोधता येईना. त्यांचं स्वतःचं डोकं घणासारखं वाजत होतं आणि पर्समध्ये एकही गोळी नव्हती.

"कोण आहे?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"मी. चेकिंगची."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"गोळ्या माझ्याकडेच होत्या," बाई अगदी हळू म्हणाल्या. "मीच खाल्ल्या. चुकलं माझं. तुझा कागद मी उद्या देते, कायम करा म्हणून."

"इथे नका सांगू, बाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "इथे अंधार आहे. मला विचारलंत तेव्हा मशिनी बंद केल्या होत्या."

"सोमवारी सांगते. तू येशील ना?"

"मी नाही येणार. तुम्ही सांगितलंत की मला कळेल. मग बघू." तिने ओली घडी डोळ्यांवर ओढली. "आता जा. तुमचा आवाज लागतोय."

शनिवारी मॅनेजरने कागद वाचला, भुवया वर केल्या आणि चोर सापडला का, असं विचारलं. सापडला, बाई म्हणाल्या, सोमवारी सगळ्यांसमोर सांगते. सकाळीच त्यांनी राग गिळून डॉक्टरांना फोन केला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आठ-दहा दिवस डोकं जास्तच दुखेल, मग उतरेल, तोवर पाणी प्या आणि झोपा, आणि अगदीच सोसलं नाही तर पेटीकडे जाऊ नका, माझ्याकडे या. रविवारी त्यांनी दोनदा भांडी आपटली आणि एकदा रडल्या. नवऱ्याने त्यांच्या मानेला शेक दिला.

सोमवारी अकराला बाई उभ्या राहिल्या. "मशिनी बंद करा," त्या म्हणाल्या. एकेक करून चाळीस मशिनी थांबल्या आणि सगळ्या बायांनी आपापल्या पिशव्या पायांजवळ ओढून घेतल्या. बाईंना ते दिसलं.

"पन्नास गोळ्या मी घेतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्या पोरीने एकही घेतली नाही. तिची अर्धशिशी खरी आहे. मी तिच्यावर आळ घेतला आणि तिचं औषध काढून घेतलं. माझी चूक झाली."

मागच्या रांगेतून एकीने विचारलं, "मॅनेजरनं सांगितलं का असं बोलायला?"

"नाही. माझं मीच सांगतेय."

"मग आता काय करायचंय आम्ही? सह्या करायच्यात कुठे?"

"काही करायचं नाही. मी खरं बोलतेय."

दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. असं खरं बोलतेय म्हणणाऱ्या कितीतरी जणी या टेबलासमोर उभ्या राहून गेल्या होत्या आणि बाईंनी एकीचंही ऐकलं नव्हतं. ट्यूबलाइट डोळ्यांत टोचत होती, कानशिलं ठणकत होती. बाईंनी टेबलाची कड धरली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, पट्ट्या कुठेकुठे सापडल्या आणि आता डोकं कसं ठणकतंय त्यासकट. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलले नाहीत. हळूहळू मशिनी सुरू झाल्या.

काज करणारी तेवढी उठली आणि फोन घेऊन जिन्यात गेली. दार उघडंच होतं.

"हो, बोलल्या," ती फोनवर गॉगलवालीला सांगत होती. "दोनदा बोलल्या. चूक झाली म्हणाल्या. टेबल धरून उभ्या आहेत, डोकं दुखतंय म्हणे. आता खरंच दुखतंय की काय, ते कसं सांगू गं? बाहेरून काही दिसत नाही."