गप्प म्हणजे टाक

हेल्वी सांभाळायची तो सर्व्हर ज्या खोलीत होता ती मुळात मोज्यांच्या गिरणीची सौना, वाफारा घ्यायची खोली. कामगार आपापल्या घरी सौना बांधून बसले, तशी लाकडी बाकं ओस पडली आणि खालच्या बाकावर हा करडा खोका येऊन ठाण मांडून बसला. मोजे विणणारी यंत्रं फक्त त्याचंच ऐकत. नक्ष्यांच्या प्रती नव्या संगणकात होत्या, पण नव्याची भाषा त्या यंत्रांना कळेना. हा गेला की यंत्रं गेली, आणि नवी घ्यायची गिरणीची ऐपत नव्हती.

आज विजेच्या तारा बदलणार होते. दुपारपर्यंत वीज नाही. आता वीज जाते आणि येते, त्यात घाबरण्यासारखं काय? पण सर्व्हरमधली म्हातारी डिस्क फिरतेय तोवर फिरते. थांबून गार झाली की जागीच धरते, थंडीत बसून राहिलेल्या गुडघ्यासारखी. बाहेर तर तळं गोठलेलं. म्हणून हेल्वीने ठरवलं, जुनी चूल पेटवायची. उन्हाळ्यातल्या दुपारी असते तेवढी ऊब, जास्त नाही.

"सर्व्हरला सौना?" मालक तौनो हसला. "सौनात माणसांना झोडपतात तसं बर्चच्या फांद्यांनी झोडपायचंही का?"

"तुला झोडपते. लाकडं आण."

तो लाकडं ठेवून गेला. वीज गेली, पंखे थांबले. हेल्वी सर्व्हरशेजारी बाकावर टेकली. खिडकीत हिवाळ्याचा निळा उजेड होता, चुलीवरचे दगड हळूहळू तापत होते, आणि बर्चच्या धुराच्या वासात तिचा डोळा लागला. ती तळ्यावर होती, होडीत. पाण्यात लाल-पांढरे मोजे जोडीजोडीने पोहत होते, आणि खाली तळाशी डिस्क गुणगुणत होती, बारीक, उंच, पूर्वीसारखी. किती दिवसांनी ऐकू आली! तिला रडूच आलं. मग गुणगुण विरली आणि ती जागी झाली. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

मनगटावर गार थेंब पडला. तिने मान वळवली. तौनो शेजारी उभा, हातात पाण्याने भरलेला लाकडी डाव, दगडांवर कलता. तिने झडप घालून त्याचा हात धरला. पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

"मेल्या, वाफेने मारतोस का त्याला!"

"सौनात आलं की दगडांवर पाणी टाकायला हात आपोआप जातो गं!" तौनो ओशाळला. "आणि मी दोनदा विचारलं. टाकू का, टाकू का. तू गप्प. गप्प म्हणजे टाक, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

मग त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "हेल्वी, तू जागी होतीस. बर्फाकडे बघत होतीस."

सौनात खोटं बोलू नये, असं तिची आई सांगायची. "हळू बोललेलं कळत नाही मला," ती म्हणाली. "आणि डिस्कची शिट्टी तर दोन वर्षांत ऐकलेली नाही."

"मग रोज सकाळी कान लावून 'ठणठणीत आहे' सांगतेस ते?"

"हात लावून. थरथर कळते. आता धाड मला घरी."

तौनो डाव खाली ठेवायला वळला. पाठमोरा काही बोलला असेल तर तिला कळलं नाही. दिवा लागला. वीज आली होती.

हेल्वीने बटण दाबलं आणि खोक्यावर तळहात ठेवला. पंखे असे घरघरायला लागले की सगळा खोकाच थरथरू लागला. त्यातून डिस्क काही हाताला लागेना. तिने हात मागे घेतला.

"तू लाव कान," ती म्हणाली. "आधी टकटक येईल. मग शिट्टी चढत जाईल. मध्येच तुटली तर संपलं."

एवढा आडदांड तौनो, पण गुडघे टेकून त्याने गाल पत्र्याला चिकटवला.

"टकटक," तो ओरडून म्हणाला.

"मग?"

"काही नाही."

हेल्वीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तौनोचा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. तो छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, कुठेही न अडखळता डोक्याच्याही वर गेला आणि तिथेच थांबला. दोन वर्षांनी हेल्वीला शिट्टी चढताना कळली.

तौनो उठला. तिच्या समोर येऊन, तोंड तिच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "उद्यापासून कान माझे. काय ऐकायचं ते तू सांगायचं."

"येताना कॉफी आण," हेल्वी म्हणाली आणि ओला घागरा पिळायला लागली.