रॉयसचं कोपर

“हात कसा आहे?”

“झकास, कोच.”

रॉयस टॅकेटनं वर पाहिलंच नाही. बुटाच्या टोकानं तो माती उकरत राहिला. बेसबॉलचा शेवटचा, नववा डाव. एका धावेची आघाडी. एकच गडी बाद व्हायचा होता.

हॉलिस क्रॅबट्री अमेरिकेत, केंटकीतल्या एका खाणगावच्या संघाचा एकोणीस वर्षं मॅनेजर होता. स्वतः कधी मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही. कोणाला कितव्या क्रमांकावर खेळवायचं आणि चेंडू टाकणारा पिचर कधी बदलायचा, एवढंच त्याच्या हातात. रॉयसचं कोपर सातव्या डावापासून खाली येत होतं, प्रत्येक चेंडूला थोडं थोडं. हात दुखावत चालल्याची ती खूण कळायला हॉलिसला कोणी सांगायची गरज नव्हती. कुंपणापाशी दुसरा पिचर, ग्रेडी, हात गरम करून तयार होता. पण मागचे दोन सामने ग्रेडीनंच घालवले होते. आणि संघाच्या मालकानं सकाळीच ऐकवलं होतं, “आज हरलास तर पुढच्या वर्षी नदीवर मासे पकडत बस.”

“नक्की टाकशील?”

“टाकतो हो! काढू नका मला. आई आलीय बघायला.”

हॉलिसनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत येऊन बाकावर बसला.

चौथ्या चेंडूला फलंदाजाची बॅट नुसतीच हवेत फिरली आणि तो बाद झाला; सामना जिंकला. सगळं गाव मैदानात घुसलं. रॉयस गुडघ्यांवर बसला होता. लोकांना वाटलं, आनंदानं. दुसऱ्या दिवशी पेपरात हॉलिसचा फोटो आला, खाली लिहिलेलं : ‘खेळाडूंवर विश्वास टाकणारा माणूस’. मालकानं तीन वर्षांचा करार पुढे केला. हॉलिसनं सही केली.

रॉयसच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत हॉलिस त्याला भेटायला गेला, तेव्हा तो टायरच्या दुकानात डाव्या हातानं नट आवळत होता.

“एक विचारू, कोच? रागावू नका.”

“विचार की.”

“त्या दिवशी माझं कोपर खाली येत होतं. तुम्हाला दिसलं होतं का?”

हॉलिसनं टोपी काढली, परत घातली.

“नाही रे. दिसलं असतं तर ठेवलं असतं का तुला?”

रॉयसचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हेच सांगतोय मी आईला! ती म्हणते, त्या म्हाताऱ्याला सगळं दिसतं. म्हटलं, कोचना दिसलं असतं तर फरफटत नेलं असतं त्यांनी मला. खोटं मी बोललो, चूक माझी. चला, घरी जेवायलाच चला.”

नाही म्हणणं हॉलिसला जमलं नाही.

टेबलावर घेवडा, डुकराचं मांस आणि मक्याची भाकरी होती. रॉयस आईला म्हणाला, “विचार, तूच विचार त्यांना.”

आईनं विचारलं नाही. तिनं मुलाची ताटली पुढे ओढली, मांसाचे बारीक तुकडे केले आणि परत सरकवली. मग भाकरीचं भांडं हॉलिससमोर धरलं.

“घ्या,” ती म्हणाली. “संकोच करू नका.”

त्यानं खाली मान घालून एक तुकडा उचलला. तिनं भांडं तसंच धरून ठेवलं.