दोनशे बारा ओळींवरचं नाव

मी एक फाईल बोलतेय. कपाटातली, लाल फितीत बांधलेली नव्हे. कॉम्प्युटरमधली, दोनशे बारा ओळींची. कचेरीत मला ‘टँकर’ म्हणतात. आणि आधीच सांगून ठेवते, मी संतापलेली आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म २०१९ च्या उन्हाळ्यातला, पुंडलिकनगरात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. टँकरच्या फेऱ्या ठरवणारी चार माणसांची कचेरी तिथं होती, अजूनही आहे. पाऊस दगा देऊन गेला होता आणि शहर मात्र वाढतच होतं. नळ पोचायच्या आधी कॉलन्यांच्या कमानी उभ्या राहत होत्या. टँकर कुठं जायचा? ज्याचा फोन मोठ्या आवाजात येईल त्याच्याकडं. उजमाला हे खटकलं. तेवीस वर्षांची पोर, नोकरीला लागून दोन महिने झालेले. तिनं मला लिहून काढलं.

माझं काम साधं होतं. रोज पहाटे पाचला सर्व्हर मला चालवायचा. कुठल्या वस्तीला शेवटचं पाणी कधी मिळालं ते मी बघायचे, जी सगळ्यांत जास्त दिवस थांबली तिचं नाव वर घ्यायचे आणि ड्रायव्हरांच्या मोबाइलवर यादी पाठवायचे. नगरसेवकाचा फोन आला काय, न आला काय, मला ऐकूच यायचं नाही. पाच वर्षं मी हे काम एक दिवसही न चुकता केलं.

२०२४ च्या मार्चमध्ये उजमानं माझ्या यादीत मुकुंदवाडी स्टेशनामागची एक नवी वस्ती घातली. साठेक पत्र्याची घरं आणि एकच प्लास्टिकची टाकी. टाकीच्या कुलपाची किल्ली सारजाबाईंच्या कमरेला. ‘लेकी, कागदावर लई जणांनी नाव नेलं,’ त्या उजमाला म्हणाल्या, ‘पाणी कुणी आणलं नाय.’ तिसऱ्या दिवशी तिथं टँकर उभा राहिला. ते नाव मी वर काढलं होतं. मला त्याचा अभिमान आहे, आणि मी तो लपवणार नाही.

आता शंतनूकडं येते. कचेरीचे प्रमुख दत्तोपंत, हा त्यांचा पुतण्या. मुलगा वाईट नाही असं सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही.

उजमा ईदसाठी दौलताबादला आपल्या खालाकडं गेली होती. एका ड्रायव्हरचा मोबाइल नंबर बदलला होता, तो माझ्यात बदलायचा होता. एका ओळीचं काम. फोन करून विचारलं असतं तर उजमानं दोन मिनिटांत सांगितलं असतं, पण साहेबांच्या पुतण्यानं विचारायचं म्हणजे काय! त्यानं माझी प्रत आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर घेतली, नंबर बदलला, सेव्ह केलं. मग जुनी मी काढून टाकली आणि ती प्रत माझ्या जागी आणून ठेवली.

यात त्यानं काय केलं ते त्याला आजही कळलेलं नाही, म्हणून मीच सांगते. ओळ संपली हे दाखवायला माझा सर्व्हर एक खूण वापरतो. विंडोज दोन वापरतं. ही जास्तीची खूण डोळ्यांना दिसत नाही. शंतनूच्या लॅपटॉपनं ती माझ्या दोनशे बाराही ओळींच्या टोकाला चिकटवून टाकली. दुसरं म्हणजे, फाईल वाचता येणं वेगळं आणि चालवता येणं वेगळं. चालवायची परवानगी फायलीला मुद्दाम द्यावी लागते. उजमानं ती मला दिली होती. नव्या प्रतीला ती द्यायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पहिल्या पहाटे सर्व्हर म्हणाला, परवानगी नाही. शंतनूनं सर्व्हरवर जाऊन सगळ्यांना सगळं करायची मुभा देऊन टाकली आणि चहाला गेला. दुसऱ्या पहाटे सर्व्हरनं माझी पहिली ओळ वाचली. मला कोणी चालवायचं त्याचं नाव त्या ओळीत असतं. त्या नावाला जास्तीच्या खुणेचं शेपूट चिकटलेलं. या नावाचा इथं कोणी नाही, म्हणाला आणि मला बाजूला सारलं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ड्रायव्हरांकडं यादी गेली नाही, तेव्हा ते सवयीनं जुन्या कॉलन्यांकडं वळले. नव्या वस्तीची आठवण कुणाला येणार?

‘अवो साहेब, दोन दिस झाले, टाकी कोरडीठाक हाय,’ सारजाबाईंचा फोन आला. ‘लेकरं स्टेशनच्या नळाला गेली, तिथून हाकलली. तुमचं मशीन आमालाच कसं इसरलं?’

मी विसरले नव्हते, बाई. माझं तोंड बांधलं होतं.

तिसऱ्या दिवशी उजमा आली. आधी फोन करून टँकर तिकडं पाठवला, मग मला उघडलं. दोनशे बारा शेपटं काढली, परवानगी नीट दिली, मला चालवून पाहिलं. मी पुन्हा माणसांत आले. तिनं केलेलं काम गिटमध्ये जमा झालं. गिट म्हणजे आमच्या सगळ्या बदलांची वही, कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला ते ती नाव-तारखेनिशी सांगते. शंतनूची प्रतही तिच्यात नोंदली गेली होती, पण त्यानंतर प्रत्येक ओळीला हात लागला तो उजमाचा.

त्या वहीनंच घात केला. दत्तोपंत तहसीलमधून कारकुनी करून निवृत्त झालेले. खाडाखोडीखाली शेवटची सही ज्याची, तो जबाबदार, हा त्यांचा आयुष्यभराचा खाक्या. त्यांनी त्या वहीतून माझा प्रिंट मागवला, ओळीओळीपुढं नाव आणि तारीख असलेला.

‘दोनशे बारापैकी दोनशे बारा ओळी तू बदलल्यास,’ ते उजमाला म्हणाले. ‘तारीखही त्याच गोंधळातली.’

‘सर, मी एक शब्दही बदलला नाही. ओळींच्या टोकाला जे चिकटलं होतं ते काढलं.’

‘काय चिकटलं होतं? दाखव या कागदावर.’

‘कागदावर दिसत नाही, सर.’

‘दिसत नाही! मग तुला बरं दिसलं?’

‘गिटमध्ये जुन्या प्रती आहेत, सर. दोन मिनिटं द्या, शेजारी-शेजारी लावून दाखवते.’

‘शेवटची सही कुणाची आहे?’

शंतनू मोबाइलमध्ये बघत होता. ‘काका, मी तर फक्त एक नंबर बदलला,’ तो म्हणाला. ते खरंही होतं, आणि खरं बोलून तो नामानिराळा राहिला. त्याच्या या खरेपणाचा मला आजही संताप येतो.

‘ठीक आहे, सर,’ उजमा म्हणाली. ‘लेकिन पानी मेरी वजह से नहीं रुका.’ तिनं दोन मिनिटं मागितली होती. पाच वर्षांच्या कामावर तिला तेवढीही मिळाली नाहीत. महिनाअखेर तिला यायचं नाही म्हणून सांगितलं.

जाण्याआधी तिनं माझ्या शेजारी दोन ओळींची एक छोटी फाईल ठेवली. तिचं काम एकच, कुणीही कुठल्याही लॅपटॉपवरून मला परत ठेवलं तरी ओळीच्या टोकाची खूण एकच राहील हे बघायचं. दुसऱ्या आठवड्यात सारजाबाईंचा फोन आला. ‘त्या उजमाला सांगा, पाणी येतंय म्हणावं.’ कुणी सांगितलं नाही.

उद्या कचेरीत ‘साफसफाई’ आहे. शंतनूनं बिनकामाच्या फायलींची यादी केलीय, आणि त्या यादीत ती दोन ओळींची फाईल पहिली आहे. कशासाठी आहे ते त्याला माहीत नाही. या वेळीही तो कुणाला विचारणार नाही.

शंतनू, नको काढूस ती. मी हात जोडून नाही, ओरडून सांगतेय. आणि दत्तोपंत, माझ्या प्रत्येक ओळीवर तुम्ही जे नाव गुन्हेगाराचं म्हणून वाचलंत, ते मला लिहिणारीचं आहे. तारीख चुकली, कारण चुकलं, नाव मात्र बरोबर आहे. ते तसंच राहू द्या. उद्या ती फाईल काढली, पुन्हा शंतनूच्या लॅपटॉपनं मला शेपटं लावली आणि सारजाबाईंची टाकी कोरडी पडली, तर प्रिंट जरूर मागवा. शेपटं काढायला आता उजमा येणार नाही, तेव्हा शेवटची सही कुणाची आहे ते मोठ्यानं वाचा. सारजाबाईंना फोनवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.