आळ मात्र हुकावर

मित्रांनो, मी ट्रकच्या मागचा एक जुना हूक आहे. माझ्यावर खोटा आळ आला आहे आणि तो मी मुकाट्याने सोसणार नाही.

कारखान्यात तापवून, ठोकून मला घडवले आणि फरश्या कापणाऱ्या दोन भावांच्या ट्रकला जोडले. थोरला माल भरायचा, धाकटा गाडी चालवायचा. नऊ वर्षे मी त्यांचा ट्रेलर ओढला. धाकटा मला ग्रीस लावताना "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणायचा. तेवढ्यानेही माझा शीण जायचा.

ट्रकच्या दारावर पट्टी आहे. मागे दोन टनांच्या वर ओढू नये, असे तिच्यावर स्पष्ट छापले आहे. पण थोरल्याला वाचायचा कंटाळा! एके दिवशी त्याने दोन खेपांच्या फरश्या एकाच खेपेत ट्रेलरवर रचल्या. ट्रकची मागची बाजू खाली बसली.

थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याच्या वहिनी, म्हणाल्या, "अहो, ट्रक बसलाय बघा. दोन खेपा करू दे भाऊजींना."

"बसलाय? आत्ता उठवतो!" म्हणत थोरल्याने पुढच्या फरश्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवल्या. ट्रक सरळ झाला. "बघ, झालं की नाही हलकं?"

अहो, हलके कसे होईल? एक तरी फरशी खाली उतरली का? उलट ट्रेलरचे पुढचे तोंड हलके झाले आणि तो मलाच वर उचलू लागला. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

धाकटा तसाच ट्रक घेऊन निघाला आणि उतार लागला. मागे जड झालेला ट्रेलर डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग दुप्पट जोराने डावीकडे. धाकट्याने घाबरून ब्रेक दाबला. ट्रेलरने ट्रकला फरफटत खड्ड्यात नेले. धाकट्याचा हात मोडला. जीव वाचला, हे नशीब. मी वाकलो, पण सुटलो नाही.

आणि थोरला येऊन काय म्हणाला? "हूकच तकलादू!" मला काढून त्याने कोपऱ्यात भिरकावले. ट्रक दुरुस्त करून त्याला माझ्या दुप्पट जाड हूक बसवला. आता म्हणे दुप्पट माल जाईल! हूक बदलला, पण ट्रक तोच, त्याचे ब्रेक तेच. एवढेही या माणसाला कळू नये?

महिना-दीड महिन्याने धाकट्याचे प्लास्टर निघाले. आज सकाळी पुन्हा तेवढाच ढीग रचून थोरल्याने त्याच्यापुढे किल्ली धरली.

"निम्म्या फरश्या उतरव, दादा. मग काट्यावर वजन करू."

"घाबरलास होय रे?"

"हो, घाबरलो."

थोरला हसला. मग धाकट्याच्या वाळलेल्या हाताकडे त्याची नजर गेली आणि हसू तिथेच विरले. वहिनींनी पहिली फरशी उचलायला हात घातला. दुसरे टोक थोरल्याने धरले.

मित्रांनो, माझी कुणी माफी मागितलेली नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही. पण तुमच्या घरचे कोणी असा ट्रेलर ओढत असेल, तर निघण्याआधी त्यांना एकदा विचारा, "वजन केलंत का?" राग आला तर येऊ दे त्यांना. संध्याकाळी ते घरी तर येतील.